येताना गाडी हलकी लागते

माझे मामा कारगिलच्या वेळी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. आमच्याकडे, म्हणजे सातारा जिल्ह्यात, फौजेतून रिटायर होऊन आलेल्या माणसाला गावात मान असतो. मामांनाही होता, पण जरा कमी. पारावर गप्पा रंगल्या की कुणीतरी हमखास म्हणायचं, "तुझं काय बाबा, तू गाडी चालवायचास." मामा हसायचे आणि तंबाखू मळायला लागायचे.

कॉलेजात असताना एका प्रोजेक्टसाठी मी त्यांची मुलाखत घेतली होती. ओट्यावर बसून, मोबाईलवर रेकॉर्ड करून. बावन्न मिनिटं. मी लढाईबद्दल विचारत होते आणि मामा ट्रकबद्दल सांगत होते. मी विचारलं, "भीती वाटायची का?" मामा म्हणाले, "दुसऱ्या गिअरात उतरायचं, ब्रेकवर भरवसा ठेवायचा न्हाई." मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. त्या बावन्न मिनिटांतली चार वाक्यं मी वापरली, बाकीचं 'कामाचं नाही' म्हणून सोडून दिलं.

या वर्षी एरिक मारिया रेमार्कची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' पुन्हा वाचायला घेतली आणि चौथ्या प्रकरणात अडकले. ते प्रकरण संपवून मी ती जुनी फाईल शोधायला लागले. हा लेख म्हणजे त्या प्रकरणापासून त्या फाईलपर्यंतचा प्रवास आहे.

मागे उभे असलेले

या कादंबरीवरचा २०२२ चा सिनेमा तुम्ही नेटफ्लिक्सवर पाहिला असेल. त्यातला चिखल, खंदक, पोरांचे राखाडी चेहरे लक्षात राहिले असतील. पुस्तकातलं चौथं प्रकरण मात्र सुरू होतं एका ट्रकच्या प्रवासाने. पाउल बॉयमर आणि त्याचे सोबती आघाडीवर काटेरी तारांचं कुंपण घालायला निघालेत. ट्रक अंधार पडल्यावर येतात. बसायला जागा नाही, सगळे खांद्याला खांदा लावून उभे. संध्याकाळ उबदार आहे. एरवी कंजूष असलेला त्याडेन चक्क सिगरेट काढून देतो, पेटवूनही देतो. म्युलर खुशीत आहे, कारण त्याच्या पायात चांगले बूट आहेत. ते बूट केमरिखचे. केमरिख वारला, बूट म्युलरकडे आले.

गाड्यांचे दिवे बंद. रस्त्यात खड्डे. कुठल्याही क्षणी सगळे बाहेर फेकले जातील अशी अवस्था, पण कुणाला त्याची फिकीर नाही. हात मोडला तर उलट बरंच, निदान घरी पाठवतील. वाटेत एका घरामागून बदकांसारख्या पक्ष्यांचा आवाज येतो. ते असतात हंस. पाउल काटकडे बघतो. काटनेही ऐकलेलं असतं. येताना बघू, असं ठरतं.

पुढे तोफांच्या पट्ट्यात जे होतं ते भयानक आहे. भडिमार होतो, घोडे मरतात, एक कोवळा नवखा शिपाई कंबरेत घाव घेऊन पडतो. पण मी अडकले ती परतीच्या प्रवासात. सकाळ होतेय, पाऊस पडतोय. सगळे पुन्हा ट्रकात चढतात आणि रेमार्क एवढंच नोंदवतो की आता गाडीत जाताना होती त्याहून जास्त जागा आहे.

एवढंच. कोण गेलं, किती गेले, त्याची यादी नाही. जागा वाढली.

रस्त्यावर टेलिफोनच्या तारा खाली लोंबतायत. ट्रकात उभ्या माणसाच्या मानेला लागतील इतक्या खाली. म्हणून पुढे उभे असलेले दोघे तार आली की ओरडतात आणि बाकीचे गुडघे वाकवतात. सगळे अर्धवट झोपेत आहेत. हाक येते, गुडघे वाकतात, पुन्हा सरळ होतात. पुन्हा हाक येते. पाऊस त्यांच्या डोक्यावर पडतोय, मागे राहिलेल्या मेलेल्यांवर पडतोय, त्या नवख्या पोरावर पडतोय.

मराठीत आपण युद्धावरच्या लेखनाची चर्चा करतो तेव्हा 'भेदक', 'विदारक' हे शब्द पटकन वापरतो. या उताऱ्याला यातला कुठलाच शब्द लागत नाही. इथे कुणी रडत नाही, विचारही करत नाही. फक्त गुडघे काम करतायत. रेमार्कला एक गोष्ट नेमकी कळली होती: खंदकात शिपायाला काहीतरी करायचं असतं, पळायचं असतं, लपायचं असतं. ट्रकात त्याला काहीच करायचं नसतं. तिथे तो माल असतो. आणि ज्या वेळात माणसाला करायला काही नसतं, त्या वेळाची आठवण डोक्यात न राहता शरीरात जाऊन बसते. रेमार्क स्वतः १९१७ च्या उन्हाळ्यात फ्लँडर्समध्ये होता आणि ३१ जुलैला जखमी झाला. आघाडीवरचे त्याचे दिवस फार नव्हते. पण गुडघे कधी वाकवायचे हे शिकायला तेवढे पुरले असावेत.

पायरीवर उभा असलेला

हे पुस्तकरूपात आलं १९२९ च्या जानेवारीत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आणखी एक पुस्तक आलं, त्यातही सैनिकांनी भरलेले ट्रक आहेत. लेखक मार्शल फिलिप पेतां, विषय व्हर्दनची लढाई.

व्हर्दनचा रस्ता समजून घेण्यासारखा आहे. २१ फेब्रुवारी १९१६ ला जर्मनांनी हल्ला केला तेव्हा शहराकडे येणारे मोठे रेल्वेमार्ग त्यांनी तोडले होते किंवा ते तोफांच्या टप्प्यात होते. उरला एक अरुंद छोट्या रुळांचा मार्ग आणि बार-ल-द्यूक गावाहून येणारा एक साधा रस्ता. अख्खी लढाई त्या रस्त्यावर तगली. ऐन धामधुमीत दर चौदा सेकंदांना एक ट्रक जायचा, म्हणजे मिनिटाला चार, दिवस-रात्र. बंद पडलेला ट्रक दुरुस्त करायला थांबायचं नाही, ढकलून बाजूला टाकायचा. रस्ता उखडू नये म्हणून वयस्कर राखीव शिपाई कडेला उभे राहून चालत्या चाकांखाली खडी टाकत राहायचे. पेतांने तुकड्या आलटून पालटून पाठवल्या, त्यामुळे फ्रेंच सैन्याचा मोठा भाग कधी ना कधी या रस्त्याने गेला. लेखक मॉरिस बारेसने त्याला 'पवित्र मार्ग' असं नाव दिलं आणि ते चिकटलं.

पेतांचं मुख्यालय त्याच रस्त्यावर सुयी गावाच्या टाऊन हॉलमध्ये होतं. आपल्या पुस्तकात तो सांगतो की तिथल्या पायऱ्यांवरून विशीतली पोरं आघाडीकडे जाताना बघून त्याचं काळीज आक्रसून जायचं. जाताना ती पोरं गाणी म्हणत, थट्टा करत, बेफिकीर असल्याचा आव आणत. त्याच्याकडे विश्वासाने बघत. आणि तीच परत यायची तेव्हा त्यांची नजर गोठलेली असायची, भीतीचं काहीतरी समोर धरल्यासारखी.

हा उतारा फ्रान्समध्ये पुन्हा पुन्हा उद्धृत होतो आणि तो चांगलाच आहे. मला त्यात ढोंग दिसत नाही. त्या माणसाला खरंच वाईट वाटत असणार. पण तो कुठे उभा आहे ते बघा. तो पायरीवर आहे. ट्रक त्याच्यासमोरून जातो. चेहरे त्याला दिसतात, पण किती वेळ? दर चौदा सेकंदांना एक गाडी असेल तर एका गाडीला तेवढाच. त्यामुळे त्याच्या आठवणीत नजरा आहेत, गुडघे नाहीत. जाताना अशी, येताना तशी, असा नीटनेटका फरक आहे, कारण मधला वेळ त्याने गाडीत काढलेला नाही. आणि 'जागा वाढली' हे त्याला बाहेरून कळण्यासारखं नाही. ते कळतं शेजारच्याचा खांदा लागेनासा झाला की.

एकाच वर्षी आलेली दोन पुस्तकं, दोन्हींत भरलेले ट्रक. एक आतून, एक बाहेरून. मी बरेच दिवस असं समजत होते की युद्धाच्या आठवणींचे हे दोनच प्रकार आहेत: शिपायाची आणि सेनापतीची, खालून आणि वरून. मग लक्षात आलं की दोन्ही पुस्तकांत एक माणूस गायब आहे. ट्रक आपोआप चालत नव्हते.

रेमार्कच्या त्या प्रकरणात पाउलच्या सोबत्यांना नाव आहे, काट, त्याडेन, म्युलर, अगदी मेलेल्या केमरिखलाही. घोड्यांच्या वेदनेवर पानं आहेत. पण दिवे बंद ठेवून, खड्ड्यांतून, लोंबत्या तारांखालून ज्याने ती गाडी नेली आणि परत आणली, त्याला नाव नाही, चेहरा नाही. एवढा मोठा लेखक, एवढी माणुसकी, आणि केबिनच्या काचेपलीकडे त्याचीही नजर जात नाही.

स्टिअरिंगवरचा

ड्रायव्हरांची आठवण कुणी लिहिलीच नाही असं नाही. पण ती लिहिली जाते तेव्हा काय होतं त्याचं एक उदाहरण अमेरिकेचं आहे.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये दोस्त राष्ट्रांची फौज फ्रान्समध्ये इतक्या वेगाने पुढे सरकली की पेट्रोल आणि दारूगोळा मागे राहिला. रेल्वे तर हल्ल्याआधी त्यांनीच बॉम्ब टाकून मोडली होती. मग 'रेड बॉल एक्सप्रेस' सुरू झाली. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर, ट्रकांची न थांबणारी साखळी. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा, इतर कुणाला त्यावर प्रवेश नाही. ऐन भरात जवळपास सहा हजार गाड्या दिवसाला बारा हजार टनांच्या वर माल नेत होत्या. नियम असा होता: ताशी पंचवीस मैल, दोन गाड्यांत साठ यार्डांचं अंतर. ड्रायव्हर वेगाला लगाम घालणारा गव्हर्नर काढून टाकायचे आणि गाड्या पिटाळायचे.

यातले जवळपास पाऊणशे टक्के ड्रायव्हर कृष्णवर्णीय होते. तेव्हा अमेरिकी सैन्यात काळे-गोरे वेगळे होते. काळ्यांना बहुतेक वेळा लढणाऱ्या तुकड्यांऐवजी ओझी वाहण्याची, गाड्या हाकण्याची कामं मिळत. म्हणजे 'तू काय, तू गाडी चालवायचास' हे तिथे पारावरचं टोमणं नव्हतं, ते सैन्याचं धोरण होतं.

१९५२ मध्ये 'रेड बॉल एक्सप्रेस' याच नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक बड बेटिकर. तरुण सिडनी पॉइटिए त्यात आहे, आणि त्याच्या वाट्याला आलेलं काम तो मान ताठ ठेवून करतो. पण गोष्टीच्या मध्यभागी जेफ चँडलरने केलेला गोरा लेफ्टनंट आहे. ज्यांच्या हातात खरोखर स्टिअरिंग होतं ते पडद्यावर बाजूच्या सीटवर. या ड्रायव्हरांची गोष्ट अख्ख्या पुस्तकाच्या आकारात सांगणारं डेव्हिड कॉली यांचं 'द रोड टू व्हिक्टरी' आलं ते २००० साली. युद्ध संपून पंचावन्न वर्षं झाली होती. विशीतली पोरं पंचाहत्तरीला पोचली होती.

म्हणजे ड्रायव्हरची आठवण हरवते त्याला एकच कारण नाही. एक कारण सरळ आहे: जात, वर्ण, हुद्दा. जो खाली आहे त्याला कुणी विचारत नाही. पण दुसरं कारण आपल्या, म्हणजे वाचकांच्या आणि समीक्षकांच्या, आवडीत आहे. ड्रायव्हरची आठवण ऐकायला कंटाळवाणी असते. तिच्यात गिअर असतो, चढ असतो, पुढच्या गाडीचं अंतर असतं. आपल्याला हवा असतो अनुभव, आणि तो देतो तपशील. आपण म्हणतो, हे तांत्रिक आहे, यात माणूस कुठाय?

पण मग रेमार्कचे वाकणारे गुडघे काय आहेत? तेही तांत्रिकच आहे की. तार आली, वाका. त्याला आपण साहित्य म्हणतो कारण रेमार्कने त्या हालचालीशेजारी पाऊस आणि मेलेली पोरं ठेवली. ड्रायव्हर ती शेजारी ठेवत नाही. ते काम ऐकणाऱ्याचं आहे.

रस्त्यासाठी झालेली लढाई

आता आपल्याकडे या. कारगिल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? शिखर. 'एलओसी कारगिल' (२००३), 'लक्ष्य' (२००४), 'शेरशाह' (२०२१), तिन्ही सिनेमे आपला सगळा दम शिखर चढण्यात लावतात. ते स्वाभाविक आहे. जिथे जवानांनी प्राण दिले तिथे कॅमेरा जाणारच.

पण त्या शिखरांचं महत्त्व कशामुळे होतं? रस्त्यामुळे. श्रीनगरहून झोजिला ओलांडून द्रास, कारगिल आणि पुढे लेहला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १-अ. लडाखमधल्या फौजेचा वर्षभराचा माल उन्हाळ्यात या रस्त्याने चढायचा, कारण हिवाळ्यात झोजिला बर्फाने बंद. १९९९ मध्ये घुसखोर द्रासच्या डोक्यावर तोलोलिंगवर बसले होते. तिथून रस्ता दिसायचा. आणि रस्ता दिसला की पलीकडच्या तोफांना नेमकं कुठे मारायचं ते सांगता यायचं. म्हणून तोलोलिंग घ्यायचं होतं, आणि १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने ते घेतलं. ते हातात येईपर्यंत ट्रक त्याच रस्त्याने, रात्री, दिवे बंद करून चालत राहिले. नाही चालले तर वर चढणाऱ्याला गोळी कुठून मिळणार, बोफोर्सला गोळा कुठून?

हिंदी सिनेमात लष्करी ताफा दिसतो तो बहुधा गाण्याच्या वेळी. जवान मागे बसलेत, कुणी फोटो बघतोय, कुणी पत्र वाचतोय, बाहेर डोंगर सरकतायत. मला ती गाणी आवडतात, खोटं कशाला बोलू. पण त्यातला ट्रक म्हणजे घराची आठवण काढायची खोली आहे. तो रस्त्यावर नाहीच. मराठीत मेजर जनरल शशिकांत पित्रे यांच्या 'डोमेल ते कारगिल'सारखी पुस्तकं आहेत, ती आपल्याला युद्ध समजावून सांगतात आणि ते फार गरजेचं काम आहे. पण केबिनमधून दिसलेलं युद्ध मी मराठीत अजून वाचलेलं नाही. ते लिहिलं न जाण्यात माझाही थोडा वाटा आहे, कारण माझ्याकडे त्याची बावन्न मिनिटं होती.

फाईल

तर ती फाईल सापडली. जुन्या फोनच्या मेमरी कार्डात. मागे कोंबडी ओरडतेय, मामी चहा घेऊन येते, मी मध्ये मध्ये घाईने प्रश्न विचारतेय. स्वतःचाच आवाज ऐकून कानकोंडं झालं.

मामा सांगतायत: फौजी गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो गोल भाग असतो, डिफरेन्शियल, तो पांढरा रंगवलेला असतो आणि त्याच्यावर एक बारका दिवा असतो. हेडलाईट बंद करून चाललं की मागच्या ड्रायव्हरला तेवढंच दिसतं. डोंगरावरून ते दिसत नाही. रात्रभर त्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत राहायचं. "म्होरल्या गाडीचा गोळा दिसतोय तोवर आपण रस्त्यावर हाय."

मी विचारते, "आणि नाही दिसला तर?"

मामा म्हणतात, "तर थांबायचं न्हाई."

आणि मी, खरंच सांगते, यावर पुढचा प्रश्न विचारलाय: "तुम्हाला कुठलं मेडल मिळालं का?"

आता ऐकताना मला 'थांबायचं न्हाई' कळतं. व्हर्दनला बंद पडलेला ट्रक ढकलून द्यायचे, तोच हा नियम. तुमच्यापुढची गाडी दिसेनाशी झाली याचा अर्थ ती वळणाआड गेली असेल, किंवा खाली गेली असेल, किंवा गोळा लागला असेल. कुठलंही असलं तरी तुमच्यामागे लोक तुमच्या गोळ्याकडे बघत येतायत. तुम्ही थांबलात तर सगळे थांबले, आणि थांबलेला ताफा म्हणजे निशाण. भीती वाटायची का, या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं होतं. ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही, हेच ते उत्तर होतं. मला ते गाडी चालवण्याबद्दल वाटलं.

फाईलच्या शेवटाकडे मी कंटाळून विचारलेलं आहे, "आणि येताना?"

बराच वेळ काही नाही. कोंबडी. कपबशीचा आवाज. मग मामा म्हणतात, "येताना गाडी हलकी लागती. वळणावर लगेच कळतंय. मागं बघायला लागत न्हाई."

मी तिथे म्हटलंय, "अच्छा. ओके मामा, थँक्यू." आणि रेकॉर्डिंग बंद केलंय.

हे वाक्य रेमार्कच्या वाक्याशेजारी ठेवायचा मोह मला झाला, तसा मी तो इथे पुरवूनही घेतला आहे. पण मला ते एकच वाक्य आहे असं म्हणायचं नाही. पाउल बॉयमरला माहीत होतं कुणाची जागा रिकामी झाली. मामांना नव्हतं. त्यांनी वर नेलेली पोरं त्यांच्या ओळखीची नसायची. अंधारात चढायची, अंधारात उतरायची. परतीला कधी रिकामी गाडी, कधी नुसतं सामान. ज्यांना पोचवलं त्यांचं पुढे काय झालं हे ड्रायव्हरला कळायची सोय नव्हती. त्यांच्याकडे हिशेब होता तो फक्त वजनाचा, आणि ते वजन हाताला कळायचं, स्टिअरिंगमधून. एवढी कमी माहिती घेऊन एक माणूस पंचवीस वर्षं जगला, आणि त्याला पारावर 'तू काय' म्हणतात.

मी त्या आठवड्यात मामांना फोन केला. आता पहिल्यापासून नीट ऐकायचंय, असं म्हटलं. त्यांना नवल वाटलं. म्हणाले, "सांगितलंय की सगळं तुला. गाडीचंच हाय सगळं."

"गाडीचंच सांगा," मी म्हटलं.

ते थोडं थांबले आणि विचारलं, "कुठनं सुरू करू? भरती करायच्या आधी टायरचं प्रेशर बघायला लागतंय, तिथनं?"

तिथूनच, म्हटलं.